असिस्टंटशिप विकत मिळत नाही : वाहतूक अभियांत्रिकीच्या एका बनावट फेलोशिपचा अनुभव

अमेरिकेत वाहतूक अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्यापेक्षाही अधिक त्यांच्या पालकांसाठी, मी हा अनुभव लिहीत आहे. परदेशी शिक्षणाविषयी सल्ला देणाऱ्या पुण्यातील एका संस्थेने ‘निश्चित असिस्टंटशिप’ (म्हणजे विद्यापीठातील कामाच्या बदल्यात शुल्कमाफी आणि स्टायपेंड) मिळवून देण्याच्या नावाखाली आमच्याकडून एकूण 1,92,000 रुपये घेतले आणि त्याबदल्यात एका खऱ्या संशोधन केंद्राच्या लेटरहेडवर तयार केलेले खोटे पत्र आमच्या हाती ठेवले. तपास अद्याप चालू असल्यामुळे त्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. पण तिने वापरलेली पद्धत लपवून ठेवण्याचे काहीच कारण नाही, कारण तीच पद्धत वापरून आणखी काही घरांतून पैसे नेले गेल्याचे आता उघड झाले आहे.

सिव्हिलमध्ये बी.ई. झाल्यानंतर मी पुण्यातच एका सल्लागार कंपनीत रहदारी सर्वेक्षणाचे काम करत होते. चौकांतील वाहनगणना, सिग्नलच्या वेळा, बसथांब्यांवरील प्रवाशांची नोंद अशा कामांतून ह्या विषयाची ओढ लागली आणि अमेरिकेत एम.एस. करावे असे ठरले. वडील सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले आहेत. संपूर्ण खर्च कर्जातून भागवणे आम्हाला शक्य नव्हते, त्यामुळे शुल्कमाफी आणि दरमहा स्टायपेंड देणारी रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तरच जायचे असे घरात बोलणे झाले होते. ही अडचण मी त्या संस्थेच्या समुपदेशकांना पहिल्याच भेटीत सांगितली होती, आणि पुढचे सगळे जाळे त्यांनी नेमके ह्याच अडचणीभोवती विणले.

सुरुवातीचे 45,000 रुपये अर्ज भरणे, उद्देशपत्र तपासणे आणि विद्यापीठे निवडणे ह्यासाठी होते, त्याची पावती मिळाली आणि ते काम झालेही. मध्यपश्चिम अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाचा प्रवेश मला खरोखरच मिळाला, आणि तो खरा असल्यामुळेच पुढचे खोटे पचले. प्रवेशाची बातमी आल्यानंतर समुपदेशक म्हणाले, “ताई, तुमची प्रोफाइल ट्रान्सपोर्टेशनची आहे, त्यात महिला उमेदवार फार कमी असतात. तुमच्यासाठी वेगळा कोटा आहे, फक्त नाव आधी नोंदवावे लागते.” ह्या ‘महिला कोट्या’चे नोंदणीशुल्क म्हणून 12,000 रुपये घेतले गेले. असा कोटा कोठेही अस्तित्वात नाही. वाहतूक क्षेत्रातील स्त्रियांसाठी 1977 पासून काम करणारी डब्ल्यूटीएस ही संघटना शिष्यवृत्त्या देते हे खरे आहे. पण त्या तिच्या स्थानिक शाखांमार्फत, निबंध आणि शिफारसपत्रे तपासून, स्पर्धेतून दिल्या जातात. पुण्यातील एखाद्या कार्यालयात नाव नोंदवून त्या राखून ठेवता येत नाहीत.

मार्च महिन्यात ते पत्र आले. पत्रावर ‘युनिव्हर्सिटी ट्रान्सपोर्टेशन सेंटर’ असा उल्लेख होता, आयझेनहॉवर फेलोशिपचे नाव होते, एका प्राध्यापकांची सही होती, संपूर्ण शुल्कमाफीचे आणि दरमहा 2,200 डॉलर स्टायपेंडचे आश्वासन होते. शेवटच्या परिच्छेदात जागा राखून ठेवण्यासाठी 72 तासांच्या आत 1,600 डॉलर परत मिळणारी ठेव भरावी अशी अट घातलेली होती. काही विद्यापीठे प्रवेश निश्चित करण्यासाठी ठेव घेतात हे आम्हाला ठाऊक होते, त्यामुळे ‘ठेव’ हा प्रकार अनोळखी वाटला नाही. वडिलांनी मुदतठेव मोडली आणि 1,35,000 रुपये समुपदेशकांनी दिलेल्या खात्यात भरले. ते खाते पुण्यातील कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचे चालू खाते होते. डॉलरचा व्यवहार किचकट असतो, म्हणून आमची भागीदार कंपनी रुपयांत स्वीकारून पुढे पाठवते, असे कारण त्यांनी दिले.

ह्या पत्रातील बहुतेक नावे खरी होती, आणि त्यातच त्या पत्राचे बळ होते. विषयाची माहिती असलेल्या माणसानेच ते लिहिले असणार ह्याबद्दल मला शंका नाही. म्हणून ह्या क्षेत्रातला पैसा प्रत्यक्षात कोठून येतो आणि विद्यार्थ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

युनिव्हर्सिटी ट्रान्सपोर्टेशन सेंटर ही योजना खरोखरच आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या निधीवर चालणारी ही योजना 1987 च्या कायद्याने सुरू झाली आणि तिच्यातून विद्यापीठांच्या गटांना संशोधनासाठी अनुदान मिळते. पण ते अनुदान विद्यापीठांना मिळते, अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला नव्हे. एखाद्या प्राध्यापकाचा प्रकल्प मंजूर होतो, त्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात विद्यार्थी साहाय्यकाचा पगार आणि शुल्क ह्यांची तरतूद असते, आणि त्या तरतुदीतून प्राध्यापक आपल्याला हवा तो विद्यार्थी निवडतात. राज्यांच्या महामार्ग विभागांकडून येणाऱ्या पैशाचेही तसेच आहे. राज्यांना मिळणाऱ्या प्रमुख संघराज्यीय महामार्ग निधीपैकी 2 टक्के रक्कम नियोजन आणि संशोधनासाठी राखावी लागते आणि त्यातील किमान चौथा हिस्सा संशोधनावर खर्च करावा लागतो. इंडियाना राज्य आणि पर्ड्यू विद्यापीठ ह्यांचा 1937 पासून चालत आलेला संयुक्त संशोधन कार्यक्रम हे अशा व्यवस्थेचे जुने उदाहरण आहे. डांबरी रस्त्यांचे आयुष्य, सिग्नलची रचना, अपघातप्रवण जागांचा अभ्यास असे प्रकल्प ह्या पैशावर चालतात आणि पदव्युत्तर विद्यार्थी त्यांवर सहसा आठवड्याला 20 तास काम करतात. निवड करणारे प्राध्यापक आपल्या कामाशी जुळणारा विद्यार्थी शोधत असतात. त्यांना विदा (डेटा) हाताळता येणारा, प्रोग्रॅमिंग येणारा, अहवाल लिहिता येणारा माणूस हवा असतो. मध्यस्थाने नोंदवलेल्या नावाचा त्यांना काहीही उपयोग नसतो.

ड्वाइट डेव्हिड आयझेनहॉवर ट्रान्सपोर्टेशन फेलोशिप हीसुद्धा खरी आहे. ज्या राष्ट्राध्यक्षांनी 1956 मध्ये आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली, त्यांचे नाव तिला दिलेले आहे, आणि तिचे काम फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी यंत्रणा पाहते. ती अमेरिकेतील शिक्षणसंस्थांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असून तिचे अर्ज जाहीर सूचनेनंतर सरकारी मार्गानेच मागवले जातात. माझ्या पत्रात ही सरकारी फेलोशिप आणि विद्यापीठ केंद्राची असिस्टंटशिप अशा दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात एकत्र केलेल्या होत्या, जणू काही केंद्राचे प्राध्यापक स्वतःच्या सहीने ही फेलोशिप वाटू शकतात. जाणकाराला हे विधान लगेच खटकले असते. पहिल्यांदाच परदेशी अर्ज करणाऱ्या घराला मात्र दोन्ही नावे इंटरनेटवर शोधून खरी निघाल्याचाच दिलासा मिळतो.

आणखी एक गोष्ट समुपदेशक मुद्दाम सांगत नाहीत. अमेरिकी विद्यापीठांत संशोधनाचा पैसा आधी पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे जातो आणि एम.एस.चे अनेक विद्यार्थी पहिल्या सत्रात कोणत्याही साहाय्याविना जातात. तेथे गेल्यावर एखाद्या प्राध्यापकाबरोबर काम मिळते, कधी उत्तरपत्रिका तपासणारा ग्रेडर म्हणून, कधी अध्यापन साहाय्यक म्हणून, आणि कधी मिळतही नाही. हे कटू असले तरी खरे आहे. जो माणूस एम.एस.साठी प्रवेशाआधीच ‘शंभर टक्के फंडिंग’ देण्याची हमी देतो, तो आपल्या हातात नसलेली गोष्ट विकत असतो, आणि मला तर हा गुन्हा चोरीपेक्षा हीन वाटतो, कारण त्यात माणसाच्या वर्षभराच्या तयारीचाच वापर त्याच्याविरुद्ध केला जातो.

72 तासांच्या मुदतीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आमच्या घरात विचार करायला वेळच उरला नाही तो त्या मुदतीमुळे. अमेरिकेत ‘काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ ह्या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे आणि त्यावर पुष्कळ विद्यापीठांनी सह्या केलेल्या आहेत. आर्थिक साहाय्याचा प्रस्ताव मिळालेल्या नव्या विद्यार्थ्याला 15 एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करू नये, असे तो सांगतो. मार्चमध्ये आलेल्या खऱ्या असिस्टंटशिपच्या पत्रासाठी तीन दिवसांत ठेव मागितली जाणे ह्या प्रथेशी विसंगत आहे. शिवाय ठेव परत मिळणारी असो वा नसो, असिस्टंटशिप म्हणजे नोकरी असते आणि तिच्यात पैसा विद्यापीठाकडून विद्यार्थ्याकडे येतो. ज्या विद्यापीठांची प्रवेशाची ठेव असते, ती विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवरून विद्यापीठाच्याच खात्यात जमा होते.

खोटेपणा उघड झाला तो आय-20 ह्या कागदामुळे. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा हा कागद विद्यापीठ देते आणि त्यावर वर्षाचा अंदाजे खर्च व तो कोणत्या पैशातून भागणार हे स्वतंत्र रकान्यांत लिहिलेले असते. त्यात विद्यापीठाकडून मिळणाऱ्या निधीचा रकाना असतो आणि अन्य स्रोतांकडून मिळणाऱ्या निधीचाही असतो. माझ्या आय-20 वर दोन्ही ठिकाणी शून्य होते. केवळ शैक्षणिक कर्ज आणि वडिलांची बचत दाखवलेली होती. ह्याबद्दल विचारल्यावर समुपदेशक म्हणाले की सरकारी फेलोशिप ह्या कागदावर येत नाही, ती तेथे पोहोचल्यावर जोडली जाते. हे उत्तर पटले नाही, म्हणून विभागाच्या संकेतस्थळावरून पदव्युत्तर कार्यक्रमाच्या समन्वयकांचा पत्ता घेऊन मी त्यांना थेट लिहिले आणि पत्राची प्रत जोडली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. असे कोणतेही पत्र विभागाने दिलेले नव्हते, सही असलेले प्राध्यापक तेथून केव्हाच निवृत्त झाले होते, आणि पत्र ज्या ईमेलवरून आले होते तो पत्ता विद्यापीठाचा नव्हता. अमेरिकी विद्यापीठांचे पत्ते ‘डॉट ईडीयू’ने आणि सरकारी यंत्रणांचे ‘डॉट जीओव्ही’ने संपतात, माझ्या पत्राच्या पत्त्यात ‘ईडीयू’ ही अक्षरे होती, पण ती मध्येच होती आणि शेवट ‘डॉट कॉम’ने होत होता. त्या समन्वयक बाईंनी आपुलकीने आणखी एक सूचना केली, जी मी सर्वांपर्यंत पोहोचवू इच्छिते : हे पत्र वाणिज्य दूतावासात व्हिसाच्या मुलाखतीला नेऊ नका. खोटी कागदपत्रे सादर करून व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न झाला असे अधिकाऱ्याचे मत झाले, तर अमेरिकी कायद्याप्रमाणे त्या व्यक्तीवर प्रवेशाची कायमची बंदी येऊ शकते. समुपदेशकांनी मला मुलाखतीच्या फाइलमध्ये तेच पत्र सर्वांत वर ठेवायला सांगितले होते. पैसे गेले ते गेले, पण त्या सल्ल्याने माझे पुढचे सगळे मार्गच बंद झाले असते, ही गोष्ट आठवली की आजही संताप येतो.

आम्ही 1930 ह्या सायबर मदत क्रमांकावर कळवले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे भरून बरेच दिवस लोटले होते, त्यामुळे त्या चालू खात्यातील रक्कम पुढे वळवली गेली होती. थोडासा भाग तेवढा गोठवता आला. ज्यांना असा संशय पैसे भरल्यावर काही तासांतच येईल, त्यांनी संस्थेशी वाद घालत न बसता आधी हा क्रमांक लावावा. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली तोतयेगिरीचा गुन्हा नोंदवला आहे. पैसे घेऊनही जी सेवा दिलीच गेली नाही, तिच्यासाठी ग्राहक आयोगाकडे वेगळी तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, असे वकिलांनी सांगितले. ती आम्ही दाखल केली आहे. विद्यापीठाने माझा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला असून, ज्यांचे प्रकल्प सिग्नल आणि बसवाहतुकीवर आहेत अशा प्राध्यापकांना मी आता स्वतः लिहीत आहे.

त्या संस्थेचे कार्यालय बंद आहे, पण तीच माणसे दुसऱ्या नावाने पुन्हा मार्गदर्शन मेळावे घेत असल्याचे दोन विद्यार्थ्यांनी आम्हाला कळवले आहे. ज्यांच्याकडे असे पत्र आले असेल त्यांनी ते फाडू किंवा पुसू नये. मूळ ईमेल, पैसे भरल्याचा यूटीआर (बँक व्यवहाराचा ओळख) क्रमांक, पावत्या आणि संभाषणे जपून ठेवावीत आणि आपापली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी. माझ्या तक्रारीत केवळ माझ्या व्यवहाराचा माग काढता येतो, आणि त्या खात्यांत आणखी कोणाचे पैसे गेले हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येक घराची वेगळी तक्रार लागते, असे तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे.