यॉर्कची तटबंदी: तिकीट नाही, पण गुडघे धड हवेत

इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये मिन्स्टरला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चला तिकीट, जुन्या किल्ल्याच्या क्लिफर्ड्स टॉवरला तिकीट, आणि शहरातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट फुकट: तट. सकाळी आठला दारं उघडतात, अंधार पडायच्या सुमाराला बंद होतात. ना रांग, ना बुकिंग. माझी लेक लीड्सला असते, तिथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत यॉर्क. स्टेशनाबाहेर आलं की पलीकडे गवताच्या उतारावर तट उभाच दिसतो. एप्रिलमध्ये तो सगळा उतार डॅफोडिलने पिवळा असतो. फोटोवाल्यांची गर्दी तिथेच, पुढे वर फारशी नसते.

एकूण लांबी साधारण 3.4 किलोमीटर. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन नगरकोटांत एवढा लांब दुसरा नाही. मात्र सलग फेरी होईल असं समजून निघू नका. लेअरथॉर्प भागापासून रेड टॉवर या बुरुजापर्यंत तट नाहीच. पडलेला नाही, कधी बांधलाच नव्हता. 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने किल्ल्यासाठी फॉस नदी अडवली, पाणी तुंबून मोठं तळं झालं, आणि पुढे कित्येक शतकं त्या बाजूची राखण त्या तळ्याने आणि दलदलीने केली. आयुष्य पाटबंधारे खात्यात घालवलेल्या माणसाला याहून सुंदर संरक्षण काय दाखवणार? आज तिथे गाड्यांचा रस्ता आहे, मान खाली घालून चालायचं. रेड टॉवर मात्र थांबून बघा. सगळा तट चुनखडीच्या पांढुरक्या दगडाचा, आणि हा एक बुरूज 1490 च्या सुमाराचा, विटांचा. हातचं काम गेलं म्हणून पाथरवट वीटकाम करणाऱ्यांवर भडकले होते.

वेळ कमी असेल तर बूथम बार ते मंक बार एवढाच टप्पा करा. बार म्हणजे इथल्या वेशी. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून चालताना एका हाताला मिन्स्टर आणि त्याच्या आवारातल्या बागा, मागची परसं. आपण कुणाच्या तरी घरात डोकावतोय असं वाटत राहतं. हा कोपरा मुळातला रोमन छावणीचा, इसवी सन 71 मध्ये वसवलेल्या. पण रोमन दगड डोळ्यांनी बघायचे तर खाली म्युझियम गार्डन्समध्ये मल्टँग्युलर टॉवरपाशी जा. खालचे छोटे, एकसारखे चिरे रोमन, त्यांत विटांचा लाल पट्टा. वरचे मोठे दगड मध्ययुगातले. एकाच बुरुजावर दोन काळांचे गवंडी ओळखू येतात. तेही फुकट.

वरची सगळी बांधणी जुनी समजून भारावून जाऊ नये, एवढं सांगतो. 19व्या शतकात डागडुजी सढळ हाताने झाली आहे आणि रॉबिन हूड टॉवर तर त्या शतकात नव्यानेच बांधला. काही चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दगडी कंगोरे, मला फारच टापटीप वाटल्या. त्यात त्याआधी, 1800 मध्ये, नगरपालिकेनेच सगळा तट पाडायची परवानगी पार्लमेंटकडे मागितली होती! लोकांनी विरोध केला म्हणून तो बराचसा वाचला, काही भाग मात्र पाडलेच. आज तोच तट संरक्षित स्मारकही आहे आणि पहिल्या श्रेणीची वारसा वास्तूही.

त्या पाडापाडीत काय गेलं ते वॉमगेट बारला कळतं. वेशीच्या पुढे दोन्ही बाजूंनी भिंती बाहेर काढून केलेलं रणमंडळ: शत्रू आत शिरला की वरून कोंडून मारायचा. गडांवर फिरलेल्यांना नवीन नाही. चारही मोठ्या वेशींना ते होतं, बाकी तिघींचं 19व्या शतकाच्या पूर्वार्धात पाडलं, आणि नगराच्या वेशीला ते शाबूत असलेली इंग्लंडमधली ही एकमेव जागा. 1644 मध्ये, इंग्लंडमधल्या यादवी युद्धात शहराला पडलेल्या वेढ्यात या वेशीने बराच मार खाल्ला. आतल्या अंगाला मात्र खांबांवर तोललेलं लाकडी घर, त्यात 1957 पर्यंत माणसं राहत होती. मिकलगेट बारला गर्दी जास्त, कारण तिथे फितुरांची मुंडकी टांगत. माझं मत विचाराल तर वॉमगेट.

आता गैरसोयी. शहराच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. आमच्या हिने एक तुकडा माझा दंड धरूनच काढला. समोरून घोळका आला की अंग चोरून उभं राहावं लागतं. चढउतार दगडी पायऱ्यांनीच, त्यामुळे बाबागाडी विसरा. लेक आणि नातू खालून बागेतून आले. कुत्र्यांना वर मज्जाव, आंधळ्यांना वाट दाखवणारे तेवढे चालतात. वर स्वच्छतागृह नाही, ते स्टेशनवरच उरका. थंडीत जाणार असाल तर बर्फ नाही ना ते बघून निघा, फांजी निसरडी झाली की दारं बंद ठेवतात.