दादरचे मतदार मदत केंद्र: काम चोख, पण ‘नागरिक नसलेल्यां’पाशी अडखळणारे

मुंबई महापालिका निवडणुकीच्या प्रारूप मतदार याद्या नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा दादर पश्चिमेला एका वाचनालयाच्या तळमजल्यावर काही स्वयंसेवकांनी विनामूल्य मदत केंद्र उघडले होते. तेथे मी तीनदा गेलो. पहिली खेप स्वतःसाठी होती. पुढच्या दोन खेपा ज्यांना येथे मतच नाही अशा दोघांसाठी होत्या, आणि हा अभिप्राय लिहावासा वाटला तो त्या दोन खेपांमुळे.

माझे काम साधे होते. माझे नाव शेजारच्या प्रभागात गेले होते. टेबलावर बसलेल्या निवृत्त बँक अधिकारी काकांनी समजावून सांगितले की पालिका स्वतःची वेगळी मतदार नोंदणी करत नाही. विधानसभेची १ जुलै २०२५ रोजीची यादी घेऊन ती २२७ प्रभागांत विभागली जाते, त्यामुळे या टप्प्यावर नवे नाव घालता येत नाही, चुकलेला प्रभाग किंवा लेखनिकाची चूक अशा गोष्टी तेवढ्या दुरुस्त करून घेता येतात. हरकतीचा अर्ज वीस मिनिटांत भरून झाला. अशी स्पष्ट माहिती मला त्याआधी कोणत्याही खिडकीवर मिळाली नव्हती.

दुसऱ्या रविवारी आमच्या इमारतीचे वॉचमन बरोबर आले. ते नेपाळचे, बावीस वर्षे याच गल्लीत राहतात, सगळे त्यांना बहादूर म्हणतात, आणि त्यांचे खरे नाव मलाही या कामाच्या निमित्तानेच कळले. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना येथे राहण्याची आणि व्यवसाय करण्याची मोकळीक आहे, मताधिकार मात्र नाही. पुढच्या वेळेसाठी तरी नाव लागेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. तरुण स्वयंसेविकेने त्यांचे आधार कार्ड पाहिले, पत्ता जुळला, आणि तिने सरळ नमुना ६, म्हणजे मतदार यादीत नवे नाव नोंदवण्याचा अर्ज, भरायला घेतला. आधार कार्ड येथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही मिळू शकते, ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे तिच्या ध्यानात आले नाही. त्या अर्जात आपण भारताचे नागरिक असल्याचे प्रतिज्ञापन असते, आणि जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापन केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काकांचे लक्ष सही होण्यापूर्वी गेले म्हणून निभावले. केंद्राचे गुण मी कापतो ते येथे, कारण ज्याला कायद्याची भाषा वाचता येत नाही असा माणूस मदतनिसाच्या भरवशावर सही करतो.

तिसऱ्या खेपेस वहिनी आल्या. त्यांनी पूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. दादा गेल्यानंतर त्या परत आल्या आणि सहा वर्षे दादरच्या घरी ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना येथे राहू देणारे कार्ड) राहत आहेत. नळाला पाणी कमी येते, पदपथ खोदून ठेवला आहे, मालमत्ता कर मात्र वेळेवर भरते, मग नगरसेवकाला जाब मी कशाच्या बळावर विचारायचा, असा त्यांचा प्रश्न होता. काकांनी नागरिकत्व कायद्याचे कलम ७ब काढून दाखवले: ओसीआय कार्डधारकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येत नाही. येथवर उत्तर अचूक होते. पण पुढे ते म्हणाले, “परदेशी माणसाला मत जगात कुठेच देत नाहीत, वहिनी.”

हे चुकीचे आहे. आयर्लंडमध्ये १९६३ पासून, स्वीडनमध्ये १९७६ पासून आणि नेदरलँड्समध्ये १९८५ च्या कायद्याने परदेशी रहिवासी स्थानिक निवडणुकीत मत देतात. न्यूझीलंडने १९७५ मध्ये कायम रहिवाशांना संसदेसाठीही मत दिले. दक्षिण कोरियात २००६ पासून कायम वास्तव्याचा परवाना असलेले परदेशी स्थानिक मतदान करतात. ब्रिटनमध्ये शिकणारा माझा भाचा भारतीय पासपोर्टवर २०२४ च्या तेथील सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊन आला, कारण राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे ती मुभा आहे. उलट बाजूही आहे: जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९९० मध्ये असे दोन कायदे रद्द केले, आणि न्यूयॉर्क शहराचा कायदा तेथील सर्वोच्च राज्य न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मोडीत काढला. मदत केंद्राने बाजू घेऊ नये हे ठीक. परंतु नसलेली एकवाक्यता सांगू नये.

वहिनींचा कराचा मुद्दा मात्र मला पटत नाही. १८७२ च्या कायद्यानंतर मुंबईत नगरसेवक निवडण्याचा हक्क प्रथम मिळाला तो करदात्यांनाच, आणि ती चौकट मोडून प्रौढ मताधिकार येण्यासाठी बराच काळ जावा लागला, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे तीच मागणी केली होती. आज ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, म्हणून त्या घरांतल्यांचे मत कमी होत नाही. माझ्या मते मुद्दा वास्तव्याचा आहे. पाच-सात वर्षे कायदेशीरपणे येथे राहणाऱ्याला गटार, कचरा आणि पालिकेच्या शाळा यांपुरते मत असावे, विधानसभेचे नसावे. पण पालिकेची यादी विधानसभेच्याच यादीतून निघते तोवर हे शक्य नाही. त्यासाठी वेगळी यादी आणि काटेकोर कागद-तपासणी लागेल. बहादूरांच्या अर्जाचे त्या टेबलावर जे होऊ घातले होते, ते पाहता ही तपासणी सोपी नाही, आणि परदेशी रहिवाशांना मत देण्याला विरोध करणाऱ्यांचा संशय मला अगदीच निराधार वाटत नाही.

पाचपैकी साडेतीन. प्रभाग चुकला असेल, नावाचे स्पेलिंग बिघडले असेल, तर येथे डोळे मिटून जावे. सकाळी दहाच्या आत टोकन घेतले तर फारसे थांबावे लागत नाही. नागरिकत्वाविषयी शंका असेल, तर काका आहेत का ते आधी विचारावे. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकली, आणि पुढच्या रविवारी टोकनाच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी दिसली: ‘नमुना ६ मागण्यापूर्वी नागरिकत्व सांगावे, आधार पुरेसे नाही.’ अक्षर वहिनींचे होते.