मॅक्सडिफमध्ये व्यक्तिगत गुण: मोजणी की हायरार्किकल बेझ?

मॅक्सडिफ म्हणजे दर प्रश्नात काही पर्याय दाखवून त्यांतला सर्वात आवडता आणि सर्वात नावडता निवडायला सांगणारं सर्वेक्षण. त्यावरून प्रत्येक व्यक्तीसाठी प्रत्येक पर्यायाचे गुण काढायचे असतात. समजा १२ पर्याय, ९ प्रश्न, दर प्रश्नात ४ पर्याय. म्हणजे प्रत्येक पर्याय ३ वेळा दिसतो.

मोजणी सोपी: ‘सर्वात आवडता’ किती वेळा, वजा ‘सर्वात नावडता’ किती वेळा. एक्सेलमध्ये भागतं. एका व्यक्तीच्या सगळ्या वजाबाक्यांची बेरीज शून्यच यायला हवी. नाही आली तर नोंदीत घोळ आहे. पण −३ ते +३ मध्ये किमती सातच, त्यामुळे बरोबरी फार. शिवाय एका पर्यायाची गाठ उरलेल्या ११ पैकी जास्तीत जास्त ९ जणांशीच पडते.

हायरार्किकल बेझ (सगळ्यांची उत्तरं एकत्र धरून प्रत्येकाचे गुण अंदाजणारी सांख्यिकी पद्धत) मात्र कोणता पर्याय कोणासमोर हरला हेही धरतो, पोकळी इतरांच्या उत्तरांवरून भरतो. मेख तिथेच आहे: डोळे मिटून क्लिक करणाऱ्याचे गुणही सरासरीकडे ओढले जातात आणि शहाण्यासारखे दिसतात. प्रत्येकाचा फिट, म्हणजे त्याचे गुण त्याच्या स्वतःच्या उत्तरांशी किती जुळतात, आधी तपासा. जेमतेम २०-२५ जणच असतील तर मोजणीच बरी.