कॅटनचं पहिलं एक्स्पान्शन: सीफेअरर्स की सिटीज अँड नाइट्स?

मूळ कॅटन (बेटावर रस्ते आणि वस्त्या बांधून गुण मिळवण्याचा बोर्ड गेम) मनसोक्त खेळून झालं की टेबलावर दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली अशी की पट तोच तो वाटतो आणि एकदा कोपऱ्यात कोंडलं गेलं की सुटका नाही. दुसरी अशी की फासे रुसले तर आपल्या पाळीत करण्यासारखं काही उरतच नाही. पहिलीवर सीफेअरर्स हा उपाय आहे, दुसरीवर सिटीज अँड नाइट्स; दोन्ही मूळ खेळाला जोडून खेळायची एक्स्पान्शन्स. निवडीचं उत्तर बव्हंशी इथेच मिळतं. पण दोन्ही खोक्यांत अशा काही गोष्टी आहेत, ज्या खोक्याच्या मागचा मजकूर वाचून कळत नाहीत आणि पहिल्याच डावात नडतात.

आधी दोन्हींना लागू असलेली अट. हे स्वतंत्र गेम नाहीत, मूळ कॅटन हवंच. दोन्ही 3 ते 4 जणांसाठी आहेत. 5 किंवा 6 जण खेळणार असतील तर मूळ कॅटनचं 5–6 जणांचं एक्स्टेन्शन (जास्तीच्या खेळाडूंचं सामान) आणि निवडलेल्या एक्स्पान्शनचं वेगळं 5–6 जणांचं एक्स्टेन्शन, अशी दोन जास्तीची खोकी लागतात. नेहमी सहा जण जमत असतील तर हा खर्च आधीच हिशेबात धरा.

सीफेअरर्स: पट बदलतो, खेळ तोच राहतो

प्रत्येकाला 15 जहाजं मिळतात. एका जहाजाची किंमत एक लाकूड आणि एक लोकर. जहाज म्हणजे समुद्रावरचा रस्ताच, फक्त एक मोठा फरक आहे: ज्या मार्गाचं टोक अजून मोकळं आहे, त्याचं शेवटचं जहाज उचलून दुसरीकडे लावता येतं. हे एका पाळीत एकदाच करता येतं, आणि त्याच पाळीत बांधलेलं जहाज हलवता येत नाही. दोन वस्त्यांना जोडणारा मार्ग पूर्ण झाला की तो गोठला. या सवलतीमुळे कोंडलं जाण्याची भीती बरीच कमी होते. प्रतिस्पर्ध्याने समोरची जागा पटकावली तरी जहाजं फुकट जात नाहीत, वळवता येतात.

नवख्यांची हमखास चूक होते ती रस्ता आणि जहाज यांच्या सांध्यावर. ही दोन्ही एकमेकांना थेट जोडता येत नाहीत, मध्ये स्वतःची वस्ती किंवा शहर लागतं. किनाऱ्याच्या कडेवर रस्ताही चालतो आणि जहाजही, पण दोन्हींपैकी एकच. सर्वांत लांब मार्गाचे दोन गुण मोजताना रस्ते आणि जहाजं एकत्र धरतात, तिथेही मध्ये वस्ती असण्याची अट आहेच. हे सुरुवातीला स्पष्ट केलं नाही तर डावाच्या शेवटी वाद ठरलेला.

मूळ खेळात कुणीही न विचारणाऱ्या लोकरीला इथे अचानक भाव येतो. लाकडाचा तुटवडा त्याहून मोठा, कारण रस्ता, जहाज आणि वस्ती तिन्हींना ते लागतं. म्हणून सुरुवातीची जागा निवडताना लाकूड आणि किनारा या दोन गोष्टी आधी पाहाव्यात, चांगले आकडे त्यानंतर. पटाच्या मधोमध 6 आणि 8 (फाशांवर वारंवार पडणारे आकडे) पकडून बसलेला खेळाडू मूळ कॅटनमध्ये खूश असतो. इथे त्याला समुद्रापर्यंत पोचायलाच तीन-चार रस्ते खर्ची पडतात.

तो खर्च का महाग पडतो, ते पहिल्या सिनारिओच्या (ठरावीक मांडणी आणि नियमांच्या डावाच्या) हिशेबात दिसतं. त्यात जिंकायला 14 गुण लागतात आणि प्रत्येक नव्या बेटावरच्या आपल्या पहिल्या वस्तीला नेहमीच्या एका गुणावर दोन जादा मिळतात. समजा तीन जहाजं लागली: त्यांची सहा कार्डं आणि वस्तीची चार. दहा कार्डांत तीन गुण. मुख्य बेटावर बसून वस्तीचं शहर केलं तर पाच कार्डांत एकच गुण वाढतो. त्यामुळे घरी बसणारा शांतपणे मागे पडतो, आणि बहुतेकदा हे त्याच्या लक्षात येईपर्यंत जवळची बेटं भरलेली असतात.

यात आणखी दोन नव्या गोष्टी आहेत. सोन्याच्या षटकोनावर (पट अशा षटकोनी तुकड्यांचाच असतो) वस्ती असेल तर त्याचा आकडा फाशांवर आल्यावर हव्या त्या संसाधनाचं एक कार्ड मिळतं, शहराला दोन. दुसरा पायरेट. 7 पडल्यावर किंवा नाइट कार्ड (डेव्हलपमेंट कार्डांपैकी एक) खेळल्यावर रॉबर (जमिनीच्या षटकोनाचं उत्पादन अडवणारी सोंगटी) हलवायचा की पायरेट, हे आपण ठरवतो. पायरेट ज्या समुद्री षटकोनावर असेल त्याच्या कडांवर नवं जहाज बांधता येत नाही, तिथलं जहाज हलवताही येत नाही, आणि तिथे ज्याचं जहाज आहे त्याच्याकडून एक कार्ड चोरता येतं. उत्पादन मात्र तो अडवत नाही, त्यामुळे त्याचा जाच रॉबरपेक्षा कमीच.

या एक्स्पान्शनचा खरा ऐवज म्हणजे सिनारिओ. धुक्यातल्या बेटांचा सिनारिओ त्यांत सर्वांत रंगतो: मार्ग अज्ञात षटकोनाला भिडला की तो उलटायचा, जमीन निघाली तर तिचं एक कार्ड लगेच हातात. तो 12 गुणांवर संपतो. काही सिनारिओ मात्र एक-दोनदा खेळून बाजूला पडतात. आणि मांडणीला वेळ लागतो, कारण कुठला षटकोन कुठे हे चित्र पाहून लावावं लागतं. पटही आडवा पसरतो, छोट्या टेबलावर पत्ते ठेवायला जागा उरत नाही.

सिटीज अँड नाइट्स: पट तोच, पाळी बदलते

इथे डेव्हलपमेंट कार्डांची 25 पत्त्यांची गड्डी खोक्यातच राहते, सर्वांत मोठ्या सैन्याचे गुणही रद्द. सुरुवातीची दुसरी मांडणी वस्तीऐवजी थेट शहराची असते आणि जिंकायला 13 गुण लागतात.

सगळा खेळ शहरांभोवती फिरतो. जंगलाशेजारच्या शहराला दोन लाकडांऐवजी एक लाकूड आणि एक कागद मिळतो. कुरणाला एक लोकर आणि एक कापड. डोंगराला एक खनिज आणि एक नाणं. विटांच्या टेकडीवर आणि गव्हाच्या शेतावर मात्र जुनीच पद्धत, दोन विटा किंवा दोन गहू. म्हणजे सुरुवातीचं शहर गहू आणि विटांवर ठेवलं तर व्यापारी माल हातात येतच नाही. पहिल्या डावात हीच चूक सर्वांत महाग पडते, आणि ती फासे पडण्याआधीच झालेली असते.

त्या मालातून शहराच्या सुधारणा घ्यायच्या: कापडातून व्यापार, नाण्यांतून राजकारण, कागदातून विज्ञान. पहिल्या पायरीला एक कार्ड, दुसरीला दोन, असं पाचवीपर्यंत. चौथी पायरी सर्वांत आधी गाठणाऱ्याला मेट्रोपोलिस, म्हणजे दोन जादा गुण. तिथवर एकूण दहा कार्डं लागतात. दुसरा कुणी आधी पाचवीवर पोचला तर मेट्रोपोलिस त्याच्याकडे जातं. पाचवी गाठलेल्याकडून ते कुणी हिसकावू शकत नाही.

फाशांची तक्रार असणाऱ्यांनी विज्ञानाची तिसरी पायरी नीट पाहावी. ती घेतल्यावर फाशांतून काहीच मिळालं नाही (7 सोडून) तर हवं ते एक संसाधन घेता येतं. नशिबावर इतका नेमका उतारा मूळ कॅटनमध्ये कुठेच नाही. प्रोग्रेस कार्डांचं (सुधारणांमुळे मिळणाऱ्या खास चालींच्या पत्त्यांचं) गणितही समजण्यासारखं आहे. तिसरा, चित्रांचा फासा तुमच्या सुधारणेच्या रंगावर पडला आणि लाल फाशाचा आकडा तुमच्या पायरीपेक्षा फार तर एकने जास्त असला, तर कार्ड मिळतं. पहिल्या पायरीवर ही शक्यता 18 त एक, तिसऱ्या पायरीवर 9 त एक, पाचव्यावर 6 त एक. फासे कुणीही टाकले तरी हे सगळ्यांना लागू होतं, म्हणून इतरांच्या पाळीतही लक्ष ठेवावं लागतं. हातात जास्तीत जास्त चार प्रोग्रेस कार्डं.

आता बार्बेरियन, म्हणजे समुद्रातून सगळ्यांवर चालून येणारे हल्लेखोर. चित्रांच्या फाशाच्या सहांपैकी तीन बाजूंवर त्यांचं जहाज आहे आणि सातव्या पावलाला ते किनाऱ्याला लागतं. म्हणजे सरासरी 14 फेकींत एक हल्ला; चौघांच्या डावात जेमतेम साडेतीन फेऱ्या. हल्ल्याची ताकद म्हणजे पटावरच्या सगळ्या शहरांची संख्या, बचाव म्हणजे सगळ्यांच्या सज्ज नाइट्सच्या (पटावर उभ्या केलेल्या योद्ध्यांच्या सोंगट्या) ताकदीची बेरीज. बरोबरी झाली तर बचाव यशस्वी. चौघांकडे एकेक शहर आणि एकेक सज्ज साधा नाइट (ताकद 1), 4 विरुद्ध 4, सगळे सुखरूप. तेवढ्यात कुणी दुसरं शहर बांधलं की 5 विरुद्ध 4. बचाव कोसळतो, आणि सर्वांत कमी योगदानात चौघेही बरोबरीत असल्याने चौघांचंही एकेक शहर वस्तीवर येतं. हा हिशेब खेळ सुरू करण्यापूर्वी सगळ्यांना मोठ्याने समजावून सांगावा. शहर गेलं की माल थांबतो, माल थांबला की सुधारणा थांबतात, आणि तो खेळाडू उरलेला डाव नुसता फासे टाकत बसतो.

नाइटची किंमत एक खनिज आणि एक लोकर, सज्ज करायला एक गहू. हल्ल्यानंतर सगळे नाइट पुन्हा निष्क्रिय होतात, दर वेळी गहू नव्याने लागतो. बढतीचा खर्चही एक खनिज आणि एक लोकर, म्हणजे ताकद 1 वरून 2 करणं आणि दुसरा साधा नाइट घेणं सारख्याच किमतीचं. पण ताकद 2 असलेला एक नाइट एका गव्हात सज्ज होतो, दोन साध्यांना दोन गहू. गहू कमी असेल तर बढतीच द्यावी. ताकद 3 साठी मात्र राजकारणाची तिसरी पायरी आधी हवी.

सातपेक्षा जास्त कार्डं असताना 7 पडला तर निम्मी टाकण्याचा नियम इथे अधिक जाचतो, कारण व्यापारी मालही त्या मोजणीत येतो. दोन विटांची तटबंदी ही मर्यादा दोनने वाढवते. अशा तीन बांधता येतात. विटांना उरलेला हा एक चांगला उपयोग.

मग कुणी काय घ्यावं

लहान मुलं किंवा कधीतरी खेळणारे पाहुणे सोबत असतील तर सीफेअरर्स. नवे नियम दहा मिनिटांत सांगून होतात आणि कुणाचं बांधलेलं काही कोसळत नाही. त्या मंडळींपुढे सिटीज अँड नाइट्स ठेवू नये: राजकारणाची निळी कार्डं सरळसरळ दुसऱ्याचं नुकसान करतात, आणि ते मनाला लावून घेणारा एक जण असला तरी डाव कडवट होतो. वेळही पाहा. नेहमीचेच खेळाडू असले तरी दोन तास धरा, पहिल्यांदा त्याहून जास्त.

तेच चार जण दर आठवड्याला बसत असतील आणि मूळ खेळाच्या चाली पाठ झाल्या असतील, तर आमचं मत निःसंशय सिटीज अँड नाइट्सच्या बाजूने आहे. सीफेअरर्सची नवलाई सिनारिओ संपले की ओसरते. इथे पट रोज तोच असला तरी डाव तसा होत नाही. दोन्ही एकत्रही खेळता येतात, पण सिटीज अँड नाइट्स अंगवळणी पडल्याशिवाय नको, डाव फार लांबतो.

ट्रेडर्स अँड बार्बेरियन्समध्ये छोटे-छोटे बदल आणि दोघांसाठीचे नियम आहेत; बहुतेक वेळा दोघंच खेळत असतील तर तेच आधी पाहावं. एक्स्प्लोरर्स अँड पायरेट्समध्ये शहरंच नाहीत, त्यामुळे शहरांवर उभ्या असलेल्या सिटीज अँड नाइट्सशी त्याचा मेळ बसत नाही. आणि कुठलंही घ्या, घरातलं मूळ कॅटन कोणत्या आवृत्तीचं आहे ते आधी पाहा: चौकटीचे तुकडे आणि पत्त्यांच्या पाठी सगळ्या आवृत्त्यांत एकसारख्या नाहीत, आणि सीफेअरर्सला तर चौकट जुळल्याशिवाय पट नीट बसतच नाही.