कंपनीचा विमा की स्वतःची पॉलिसी? वडिलांना स्लीप ॲप्निया असेल तर

मे महिन्यात नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या घरात कूलर फुल स्पीडवर असायचा, तरी त्याच्यावरून बाबांचं घोरणं ऐकू यायचं. मध्येच ते थांबायचं. कूलरची घरघर आणि पाण्याची टिपटिप सोडली तर सगळं शांत. आई अंथरुणात उठून बसायची. मग घशातून ओढल्यासारखा एक मोठा श्वास, आणि पुन्हा सुरू. "थकलेत बिचारे," असं म्हणत आम्ही कितीतरी वर्षं काढली. पुढे निदान झालं: स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा आजार. बाबा एजी (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेतून मंजूर झालं. पण ती सोय त्यांच्यापुरती. मुलगा पंचविशी ओलांडला किंवा कमवायला लागला की कार्डावरून त्याचं नाव जातं.

ॲप्नियाला कारण ठरणारी जबड्याची ठेवण, मानेचा घेर, वजन वाढण्याची प्रवृत्ती, हे बरंचसं घराण्यातून येतं. 2022 मध्ये बायको रात्री मला हलवून "अहो, श्वास घ्या ना" म्हणायला लागली, तेव्हा मी धंतोलीत जाऊन तपासणी करून घेतली. एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा, 34 आला. तो 30 च्या वर गेला की आजार गंभीर.

माझ्याकडे तेव्हा फक्त कंपनीचा ग्रुप विमा होता. धाकट्या भावाचं सक्करदऱ्याला दुकान आहे, त्याने तिशीच्या आत स्वतःची पॉलिसी घेतलेली. त्यामुळे दोन्ही रस्ते मी घरातच जवळून पाहिले.

ग्रुप विम्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. आमच्या विम्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते, वैद्यकीय तपासणी नाही, हप्ता कंपनी भरणार. नाकाचं वाकडं हाड, टॉन्सिल अशा ऑपरेशनला वैयक्तिक पॉलिसीत साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, ग्रुपमध्ये बहुतेक वेळा तेही नसतं. आधीच निदान झालेल्या माणसाला याहून सोपं दार नाही.

मला अडलं ते एप्रिलमध्ये. सीपॅपचा मास्क लावून नाकाने श्वास नीट जाईना, म्हणून डॉक्टरांनी नाकाच्या हाडाचं ऑपरेशन सुचवलं. मार्चमध्ये कॅशलेसची मंजुरी आली, तारीख ठरली 4 एप्रिल. 31 मार्चला एचआरचा मेल आला: उद्यापासून विमा कंपनी नवी, टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणारी संस्था) नवा, ई-कार्ड नवं, आणि आईवडिलांचं कव्हर बंद. हातातली मंजुरी एका रात्रीत निकामी झाली. नव्या टीपीएने सगळे कागद पहिल्यापासून मागितले. बुटीबोरीच्या बसमध्ये उभा राहून मी डिस्चार्ज समरी, स्लीप स्टडी, सोनोग्राफी असं एकेक पान मोबाइलवर चढवत होतो. ऑपरेशन सात आठवडे लांबलं. पैसे शेवटी मिळाले, हे सांगायलाच हवं. पण माझ्या आजाराचे नियम दरवर्षी मला न विचारता दुसरा कोणी ठरवतो, ही गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही. उद्या नोकरी सुटली तर ते कव्हरही सुटेल, आणि ॲप्निया तर सोबतच राहणार आहे.

मग 2024 च्या ऑगस्टमध्ये मी स्वतःची पॉलिसी घेतली. निदान झालेलं असल्यामुळे हप्त्यावर लोडिंग, म्हणजे जादा रक्कम, लागलं आणि तीन वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे तोवर या जुन्या आजाराचा क्लेम नाही. विमा नियामक आयआरडीएआयने त्याच वर्षी एप्रिलपासून ही कमाल मर्यादा 48 महिन्यांवरून 36 वर आणली होती, तेवढं नशीब. भावाला यातलं काही लागलं नाही. अर्जात कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात त्याने बाबांचा ॲप्निया स्पष्ट लिहिला होता, तरीही नाही. वडिलांचा आजार म्हणजे तुमचा जुना आजार नव्हे. मात्र घोरण्यासाठी किंवा दिवसा झापड येते म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आला असाल, तर ते लपवू नका. क्लेमच्या वेळी जुनी चिठ्ठी निघतेच.

वैयक्तिक हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, हाही एक दिलासा.

आता मशीनचं. इथे ग्रुप आणि वैयक्तिक, दोन्ही विमे हात वर करतात. बहुतेक पॉलिसी सीपॅपला घरी वापरायचं बाहेरचं उपकरण समजून वगळतात, आणि फक्त तपासणीसाठी भरती झालात तर तेही पैसे देत नाहीत. माझे मशीन आणि मास्क मिळून चोपन्न हजार गेले, हप्त्याने फेडले. म्हणून मशीन मिळेल या आशेने पॉलिसी निवडू नका. विमा लागतो तो ॲप्नियामुळे पुढे उद्भवू शकणाऱ्या आजारांसाठी: बीपी, हृदय, पक्षाघात. निदानानंतर घेतलेल्या पॉलिसीत अशा भरतीचा संबंध ॲप्नियाशी जोडून क्लेम अडवला जाऊ शकतो, तो धोका तीन वर्षं डोक्यावर राहतो. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनलाही नियमात जागा आहे. बीएमआय 35 किंवा त्याहून जास्त आणि सोबत गंभीर ॲप्निया असेल तर ते सरसकट वगळलेलं नसतं, इतर अटी मात्र बघाव्या लागतात.

तुमचं निदान आधीच झालं असेल आणि कंपनीचा विमा चांगला असेल, तर तो सोडू नका असंच मी म्हणेन. मीही सोडलेला नाही. नोकरी सोडायची वेळ आलीच, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनाम्याच्या आधी लेखी विचारा. पण अजून काहीच झालेलं नसेल, वय तिशीच्या आसपास असेल आणि घरात बाबांसारखं कोणी असेल, तर माझ्या मते स्वतःची पॉलिसी या वर्षीच घ्या. माझी तीन वर्षं 2027 च्या ऑगस्टमध्ये भरतील. भावाला ती मोजावीच लागली नाहीत, आणि तो अजून घोरतही नाही.