चालायला शिकवणारा रोबोट: नऊ महिने वापरल्यावर

आमच्या फिजिओथेरपी विभागात चालण्याचा सराव देणारा रोबोट आला त्याला नऊ महिने झाले. खाली ट्रेडमिल, वर पेशंटचं वजन हार्नेसनं तोलून धरणारी यंत्रणा आणि दोन्ही पायांना बाहेरून बांधायचे मोटरवर चालणारे पाय, असं ते धूड. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे काही चांगल्या नजरेनं पाहिलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

नोकरी जाईल ही भीती होती का? थोडी होती. पण खरा राग वेगळाच होता. मशीन घेताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि तिसऱ्या दिवसापासून "आज मशीनवर किती पेशंट घेतले?" सुरू.

पहिला महिना निव्वळ वैताग. मांडीची लांबी मोजा, नडगीची मोजा, पट्टे बांधा, मशीनचा गुडघा पेशंटच्या गुडघ्यासमोर बरोब्बर आणा. बोटभर इकडेतिकडे झालं तरी पट्टा कातडीला घासतो. पहिल्या पेशंटला बांधायला ४० मिनिटं गेली आणि चालणं झालं १२ मिनिटं. आता दोघी असलो तर पाव तासाच्या आत उरकतं. (एकटीनं बांधायच्या फंदात पडू नका.) एका काकांच्या नडगीवर लालभडक वळ उठला होता. त्या पायाला संवेदनाच नव्हती, त्यामुळे दुखतंय म्हणून ते सांगणार तरी कसे? सेशन संपलं की मोजे काढून कातडी बघायचीच, हा नियम तेव्हापासून लागू झाला. तो केला वॉर्डातल्या मावशींनी. आम्ही पदवीवाले नुसते माना डोलावत होतो.

आता मशीननं काय दिलं ते. माझी पाठ परत दिली. पूर्वी अजिबात उभं न राहता येणाऱ्या पेशंटला ट्रेडमिलवर चालवायचं तर एकेका पायाशी एकेक जण बसायचा आणि तिसरा कंबर धरायचा. दहा-पंधरा मिनिटांत आमचीच कंबर धरायची. म्हणजे सराव थांबायचा तो आम्ही दमलो म्हणून, पेशंट दमला म्हणून नाही. आता अर्ध्या तासात हजाराच्या वर पावलं पडतात.

गेलं काय, तर हाताला कळायचं ते. पिंडरी हातात असली की पेशंट स्वतः जोर लावतोय की नुसता पाय सोडून देतोय, हे लगेच समजायचं. आता स्क्रीनवर आलेख येतो. तो वाचायला शिकेपर्यंत मला तीन महिने लागले आणि तेवढ्या काळात काही पेशंट मशीनवर मजेत झोके घेऊन गेले, असं मला आज वाटतं. मशीन सगळं करायला तयार असलं की शरीर आळशी होतं. एक ताई समोरच्या पडद्याकडे बघत, माझ्याशी गप्पा मारत छान चालायच्या. एकदा मी मशीनची मदत १०० टक्क्यांवरून ६० वर आणली. चार पावलांत घाम फुटला.

"अहो, मशीन बिघडलं वाटतं!"

"नाही ताई, आत्ता तुम्ही चालताय."

त्यानंतर गप्पा बंद.

पायात झटके येणाऱ्या पेशंटचं मात्र अवघड. झटका आला की मशीन स्वतःला थांबवतं, अलार्म वाजतो, पेशंट घाबरतो आणि घाबरला की आणखी झटका.

विभागात दोन तट पडले होते. आमचे सीनियर सर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेला ब्रिटनमधला अभ्यास पुढे करायचे: पक्षाघाताचे ७७० पेशंट, आणि हाताच्या रोबोटनं नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम काही सुधारलं नाही. ज्युनियर मंडळी कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा काढायची: चालण्यासाठी मशीन आणि फिजिओथेरपी दोन्ही मिळालं तर आधाराशिवाय चालण्याची शक्यता वाढते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांच्यात. भांडण हाताच्या पुराव्यावर, मशीन पायांचं! पण सरांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. काठी घेऊन चालणाऱ्या माणसालाही आम्ही केवळ आकडा भरायला पट्ट्यांत अडकवत होतो.

सहाव्या महिन्यात ते बदललं. कुणाला मशीनवर घ्यायचं आणि कधी उतरवायचं, हे त्या पेशंटचा थेरपिस्ट ठरवेल, असं लेखी झालं. रोजचा आकडा विचारणं थांबलं. माझ्या मते विभागाचं मत बदललं ते त्या कागदामुळे, मशीनच्या करामतींमुळे नव्हे. आता उभं न राहू शकणारा पेशंट आला की सर स्वतःच विचारतात, "स्लॉट आहे का गं?"

माझी एक तक्रार अजून आहे. मशीनवर माणूस फक्त सरळ चालतो. पलंगापासून संडासापर्यंत जायला दोन वळणं आणि एक उंबरठा लागतो. ते मी अजून कंबरेचा पट्टा हातात धरूनच शिकवते.