विद्यापीठातलं केंद्र की स्वतंत्र न्यास? ‘एआय आणि समाज’ यावर संशोधन सुरू करताना

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज या विषयावर संशोधनाचं काम सुरू करायचं ठरलं, की ते कुठल्या छपराखाली करायचं हा प्रश्न लगेच उभा राहतो. विद्यापीठात एखादं केंद्र काढायचं, की धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवून आपलं आपण चालवायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. दीड-पावणेदोन वर्षं एका विद्यापीठातल्या केंद्रात काढली, आणि आता आमचा एक छोटा न्यास आहे. मला काय पटलं ते पुढे येईलच. पण प्रत्येकाची गरज वेगळी, त्यामुळे माझं मत हे एका माणसाचा अनुभव म्हणूनच घ्या.

विद्यापीठाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांमध्ये मुलांच्या वजनाची, आहाराची नोंद ठेवणारं पोषण ट्रॅकर हे सरकारी मोबाइल ॲप कसं वापरलं जातं ते पाहत होतो. विद्यापीठाच्या लेटरहेडवर पत्र नेलं की सरकारी कार्यालयात बसायला खुर्ची मिळते, आणि परवानगीची फाइल निदान उघडली जाते. संशोधनात भाग घेणाऱ्या लोकांचं नुकसान होत नाही ना, हे पाहणारी नैतिकता समिती तयार असते. पीएच.डी. करणारी मुलं असतात, ग्रंथालयातून महागड्या नियतकालिकांचे लेख फुकट वाचता येतात. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करायचा तर मागे मान्यताप्राप्त संस्था लागते, तीही असते. न्यास काढल्यावर यातली एकेक गोष्ट किती मोलाची होती ते मला कळलं. पहिल्या सहा महिन्यांत मी सगळ्यात जास्त कशासाठी हळहळलो असेन, तर ग्रंथालयाच्या लॉगिनसाठी.

आणखी एक. विद्यापीठातल्या केंद्राला पगाराची चिंता कमी. मुख्य संशोधक आधीच नोकरीत असतो. न्यासात तुम्ही स्वतःचा पगार स्वतः उभा करता, आणि घरी दोघांपैकी एकाचं उत्पन्न स्थिर नसेल तर मी कुणालाही हा मार्ग सुचवणार नाही.

मग मी बाहेर का पडलो? एका बिलामुळे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या मुलाखती बऱ्याचशा पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत झाल्या होत्या. त्या ऐकून मराठीत उतरवायला आम्हाला मोलगीकडची एक मुलगी मिळाली. डी.एड. झालेली, घरची बोली पावरी, अक्षर मोत्यासारखं. बायका बोलता बोलता थांबल्या की ती कंसात ‘गप्प’ असं लिहायची आणि किती वेळ गप्प, तेही लिहायची. ॲपमध्ये वजनाचा आकडा चुकला की बोल सेविकेला लागतो. हे सांगताना एक सेविका जवळजवळ अर्धा मिनिट बोलली नव्हती. ते आम्हाला त्या कंसामुळे कळलं, कारण मुलाखत घेणाऱ्याच्या टिपणात त्याचा उल्लेखच नव्हता.

एकूण ४१ रेकॉर्डिंग होती. तिने १९ करून दिली, आणि जून २०२४ मध्ये मी तिचं बिल लेखा विभागात दिलं. बिल परत आलं. शेरा होता: तीन दरपत्रके जोडावीत. पावरी ऐकून मराठीत लिहून देणारी तीन माणसं आणि त्यांची तीन दरपत्रकं मी आणायची कुठून? तसं पत्र दिलं. मग पॅन कार्डची प्रत हवी झाली, मग काम पूर्ण झाल्याचा विभागप्रमुखांचा दाखला, मग मंजूर अंदाजपत्रकात ‘शब्दांकन’ असं शीर्षच नाही म्हणून ‘संकीर्ण’मधून घ्यायला कुलसचिवांची परवानगी. कुणी मुद्दाम अडवत नव्हतं. टेबलावरचा प्रत्येक माणूस सौजन्याने वागला, एकाने तर मला अर्जाचा मसुदाही लिहून दिला. पैसे मार्चअखेरीच्या धांदलीत निघाले.

मधल्या काळात ती दर पंधरा दिवसांनी फोन करायची. एकदा म्हणाली, “सर, घरी विचारतात, काम केलं तर पैसे कुठे आहेत.” दिवाळीनंतर तिने फोन करणं सोडलं, आणि माझाही उचलणं बंद केलं. मी खिशातून पैसे द्यायला हवे होते, हे मला आजही वाटतं. पण खिशातून दिले की ते प्रकल्पाच्या हिशेबात बसत नाहीत, आणि पुढच्या वेळी पुन्हा खिशातूनच द्यावे लागतात.

हीच गत प्रवासखर्चाची. बिलाला तिकीट जोडा म्हणतात. अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारा जीपवाला तिकीट देत नाही.

या विषयातला खर्च कशावर होतो हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, म्हणून मी या बिलावर एवढा रेंगाळलो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडिया-एआय मिशनला १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले आणि सगळीकडे संगणनक्षमता, त्यासाठीच्या जीपीयू चिप्स हीच चर्चा सुरू झाली. एआयची मॉडेल बनवणाऱ्यांना ते लागतंच. पण त्या मॉडेलचं माणसांवर काय होतं हे बघणाऱ्याला जीपचं भाडं लागतं, बोली जाणणारी माणसं लागतात, आणि मजुरी बुडवून आपल्याशी दोन तास बोलणाऱ्या बाईला संध्याकाळच्या आत मानधन देता यावं लागतं. मोठं अनुदान विद्यापीठात कदाचित सहज येत असेल. छोटी रक्कम बाहेर काढणं मात्र, माझ्या अनुभवात, फार अवघड गेलं.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार नसावा. ऑक्सफर्ड विद्यापीठात २००५ साली सुरू झालेली ‘फ्युचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूट’ एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. एआयच्या धोक्यांवर लोक बोलायला लागण्याच्या आधीपासून तिथे काम चाललं होतं. त्यांच्याच निवेदनानुसार, ज्या विद्याशाखेत ती होती तिथली प्रशासकीय अडचण वाढत गेली आणि २०२० पासून नवी माणसं घेणं आणि निधी उभारणं दोन्ही गोठवलं गेलं होतं. उलट न्यूयॉर्कमधली ‘डेटा अँड सोसायटी’ ही संशोधन संस्था २०१४ पासून स्वतंत्र आहे, बंगळूरचं ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ २००८ पासून. गोव्यातली ‘डिजिटल फ्युचर्स लॅब’सुद्धा कुठल्या विद्यापीठाच्या आवारात नाही. यावरून नियम काढणं बरोबर होणार नाही, विद्यापीठांत उत्तम चाललेली केंद्रंही आहेत. पण निर्णय घेताना ही उदाहरणं मला धीर देऊन गेली.

आता न्यासाच्या अडचणी, त्याही लहान नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली नोंदवावा लागतो. सोसायटी करायची तर १८६० चा कायदा, किमान सात सदस्य, आणि ती पुन्हा न्यास म्हणूनही नोंदवायची. आम्ही २०२४ च्या दिवाळीनंतर अर्ज केला, नोंदणीचं प्रमाणपत्र एप्रिलमध्ये हातात आलं. एक विश्वस्त बदलला तरी नव्वद दिवसांत बदल अर्ज. दरवर्षी लेखापरीक्षण. १९६१ च्या आयकर कायद्यातली १२ एबी (न्यासाला करसूट) आणि ८० जी (देणगीदाराला सवलत) या कलमांसारखी दोन्ही प्रमाणपत्रं नसतील तर कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा म्हणजे सीएसआर निधी विसराच. परदेशी निधीसाठी एफसीआरए या विदेशी निधी नियमन कायद्याखाली नोंदणी, आणि त्यासाठी तीन वर्षं काम व त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे एखाद्या ठरावीक देणगीसाठी सरकारची पूर्वपरवानगी मिळाली नाही, तर पहिली तीन वर्षं तुम्ही देशातल्याच पैशांवर आहात. चांगला सनदी लेखापाल आधी शोधा, नाव आणि बोधचिन्ह नंतर.

कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी हा तिसरा पर्यायही लोक सुचवतात. मी तो केला नाही. मोठ्या देणगीदारांशी बोलणी चालली असतील तर विचार करण्यासारखा आहे.

स्वतंत्र झाल्यावर देणगीदाराचं दडपण येतं, ही गोष्ट खरी आहे. आम्हाला एका कंपनीने निधी देऊ केला होता, पण अहवाल छापण्याआधी बघायला हवा होता. आम्ही नाही म्हटलं आणि तो निधी गेला. विद्यापीठात हे दडपण माझ्यापर्यंत पोहोचलंच नसतं, वरच्या वर झेललं गेलं असतं किंवा मान्य केलं गेलं असतं. तेव्हा मला कळलंही नसतं. मला कळलेलं बरं वाटतं.

नैतिकता समितीचा प्रश्न आम्ही एका महाविद्यालयाशी सामंजस्य करार करून सोडवला. संशोधनाचे प्रस्ताव त्यांच्या समितीपुढे जातात, पैसे आमच्या खात्यातून निघतात. ही मधली वाट मला सगळ्यात जास्त पटली. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची या अटीवर. चेहऱ्यांचे फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग हाताळणाऱ्याने मागे समिती नसताना काम करू नये असं मला मनापासून वाटतं.

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकरवर चेहरा पडताळणी सक्तीची झाली. त्याच महिन्यात आम्ही पाड्यांवर होतो. गरोदर बाई फोनसमोर उभी, ॲप डोळे मिचकवायला सांगतंय, रेंज येते नि जाते, मागे रांग. सेविका फोन उंच धरून अंगणात सरकतेय, जरा उजेड मिळावा म्हणून. पहिल्या आठवड्यांतली ही गोंधळाची अवस्था पुढे राहत नाही, लोक सरावतात आणि काय अडलं होतं ते विसरतात. जुन्या व्यवस्थेत माझं अंदाजपत्रक तोवर मंजुरीत असतं, असं मला वाटतं.

ज्यांची विद्यापीठात कायम नोकरी आहे, ज्यांना मुख्यतः शहरात, इंग्रजी कागदपत्रांवर, धोरणांच्या मसुद्यांवर काम करायचं आहे, त्यांनी विद्यापीठातच राहावं. त्यांना माझी अडचण कदाचित येणारही नाही. बाकीच्यांनी विद्यापीठाशी करार करण्याआधी एकदा लेखा विभागात जावं आणि विचारावं: बँकेत खातं आहे पण दरपत्रक देता येणार नाही अशा माणसाला ८०० रुपये द्यायचे असतील, तर किती दिवस लागतील?

मागच्या श्रावणात मी मोलगीला त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. उरलेल्या २२ पैकी १४ रेकॉर्डिंग तिने आतापर्यंत करून दिली आहेत. प्रत्येकाचे पैसे त्याच दिवशी तिच्या खात्यात जातात. आठ बाकी आहेत.